शेळ्यांतील जंत: धोका नेमका कोणत्या शेळीला? साध्या आकडेमोडीतून शोधावयाचे उत्तर

मृगाचा पाऊस पडला, माळावर हिरवळ दिसू लागली की गावोगाव शेळ्या-मेंढ्यांना जंतनाशक पाजण्याची गडबड सुरू होते. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच असते. औषधाची बाटली आणायची आणि लहानमोठ्या सगळ्या कळपाला एका दिवसात पाजून मोकळे व्हायचे. काही गावांत आणखी एक सल्ला दिला जातो, "तळ्याकाठी शेळ्या नेऊ नका, तिथे जंत लागतात."

दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण दोन्हींची किंमतही आहे. सरसकट औषध पाजल्याने खर्च वाढतो आणि काही वर्षांत औषध लागू पडेनासे होते. तळ्याकाठची चराई बंद केली तर ज्यांच्याकडे स्वतःचा बांधसुद्धा नाही, अशा भूमिहीन कुटुंबांच्या चार-सहा शेळ्यांनी चरायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ अशाच लहान कुटुंबांच्या दावणीला आहेत. म्हणून सल्ला देण्यापूर्वी जास्त धोका नेमका कोणत्या शेळीला आहे आणि तो कशामुळे आहे, हे मोजून पाहणे आवश्यक आहे. ते कसे मोजावे आणि मोजताना कुठे फसगत होते, हे या लेखात पाहू.

आधी जंताची ओळख

शेळ्या-मेंढ्यांत सर्वांत घातक गोल कृमी म्हणजे हिमोंकस कॉन्टॉर्टस. तो चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो आणि रक्त शोषतो. एक प्रौढ जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त कमी करतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे १,००० जंत असतील तर दिवसाला ५० मिली रक्त जाते. दहा-बारा किलोच्या करडाला हे फार दिवस सोसत नाही. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाण्याची सूज येते, करडू कळपाच्या मागे राहू लागते. या जंतात हगवण लागेलच असे नाही. त्यामुळे "लेंड्या घट्ट आहेत म्हणजे जंत नाहीत" हा समज चुकीचा आहे.

एक मादी दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त अंडी घालते. ती लेंड्यांतून जमिनीवर येतात. हवा उबदार आणि दमट असेल तर साधारण आठवड्याभरात अंड्यातून निघालेली अळी शेळीला बाधा करण्याइतकी तयार होते आणि ओलाव्याच्या आधाराने गवताच्या पात्यावर चढते. बहुतेक अळ्या जमिनीलगतच्या काही बोटे उंचीतच राहतात. शेळीने ते गवत खाल्ले की सुमारे तीन आठवड्यांत पोटात नवी मादी अंडी घालू लागते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात कोरड्या माळावर अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. पाऊस सुरू झाला की चक्र पुन्हा वेग घेते.

या जीवनचक्रावरूनच जोखीम घटकांची यादी तयार होते:

- ऋतू आणि जमिनीतील ओल
- चराईची जागा आणि गवताची उंची
- शेळीचे वय, कारण लहान वयात जंतांविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते
- विण्याच्या आसपासचा काळ, कारण तेव्हा शेळीची प्रतिकारशक्ती घटते आणि लेंड्यांतील अंडी वाढतात
- आहार, विशेषतः प्रथिनांची कमतरता
- थोड्या जागेत जास्त जनावरे
- पूर्वी वापरलेले औषध व त्याची मात्रा

ही यादी पुस्तकात मिळते. आपल्या गावात यांपैकी कोणता घटक किती भारी आहे, हे पुस्तक सांगत नाही. त्यासाठी गावातच मोजावे लागते.

जंत सगळ्यांच्या पोटी सारखे नसतात

मोजणी करणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. कळपातील बहुतेक शेळ्यांत थोडे जंत असतात आणि मोजक्या शेळ्यांत पुष्कळ असतात. ढोबळ नियम असा सांगितला जातो की कळपातील सुमारे २० टक्के जनावरांत एकूण जंतांपैकी सुमारे ८० टक्के जंत असतात. प्रत्येक कळपात हाच आकडा येईल असे नाही, पण चित्र असेच असते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे सरासरी फसवी ठरते. दहा शेळ्यांपैकी नऊ शेळ्यांत दर ग्रॅम लेंडीमागे १०० अंडी आणि एकीत ४,१०० असतील, तर सरासरी ५०० येते. पण ५०० अंडी असलेली शेळी त्या कळपात एकही नाही. दुसरा परिणाम आपल्या फायद्याचा आहे. त्या मोजक्या शेळ्या ओळखता आल्या, तर थोड्या औषधात माळावर पडणारी बहुतेक अंडी थांबवता येतात.

नमुना कसा घ्यावा

आकडेमोड कितीही चांगली केली तरी नमुना चुकला की सगळे वाया जाते.

- लेंड्या जमिनीवरून उचलू नयेत. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ३ ते ५ ग्रॅम घ्याव्यात. म्हणजे कोणत्या शेळीचा नमुना आहे याची खात्री राहते.
- पिशवीवर शेळीचा बिल्ला क्रमांक लिहावा. वय, गाभण की व्यालेली, चराईची जागा, शेवटचे जंतनाशक कोणते व केव्हा दिले, पापणीचा रंग, हे त्याच वेळी वहीत नोंदवावे. घरी गेल्यावर आठवून लिहू नये.
- नमुना बर्फाच्या डब्यात थंड ठेवून एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावा. उष्णतेत अंडी फुटतात आणि मोजणी कमी येते. नमुना गोठवू मात्र नये.
- फक्त आजारी दिसणाऱ्या शेळ्या निवडू नयेत. पशुपालक नेमक्या त्याच पुढे करतो. बिल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकून शेळ्या निवडाव्यात.
- सगळे नमुने एकाच मोठ्या कळपातून न घेता अनेक कळपांतून थोडे थोडे घ्यावेत. एकाच कळपातील शेळ्या एकाच जागी चरतात, एकाच बाटलीतले औषध पितात. त्यामुळे अशा १०० शेळ्या म्हणजे १०० स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत.

प्रयोगशाळेत मॅकमास्टर पद्धतीने अंडी मोजतात. २ ग्रॅम लेंड्या संपृक्त मिठाच्या द्रावणात मिसळून एकूण ६० मिली केल्या आणि काचपट्टीच्या दोन्ही खणांतील अंड्यांची बेरीज १०० ने गुणली, की दर ग्रॅममागे अंडी मिळतात. याला ईपीजी म्हणतात. तपासणीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

साधा तक्ता, साधे गणित

आता एक उदाहरण पाहू. खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत, ते कोणत्याही गावातील सर्वेक्षणाचे नाहीत.

समजा, भर पावसाळ्यात २०० शेळ्यांचे नमुने घेतले. त्यांतल्या १०० तळ्याकाठी चरतात, १०० डोंगरउतारावर. ठरावीक ईपीजीच्या वर अंडी आढळली तर "जंतभार जास्त" असे धरले.

- तळ्याकाठ: १०० पैकी ६० शेळ्यांत जंतभार जास्त, ४० मध्ये कमी
- डोंगरउतार: १०० पैकी ३० शेळ्यांत जंतभार जास्त, ७० मध्ये कमी

टक्केवारीत तुलना केली तर ६० विरुद्ध ३०, म्हणजे तळ्याकाठी धोका दुप्पट. संशोधन अहवालांत मात्र बहुधा "ऑड्स रेशो" दिलेला असतो. तो असा काढतात: तळ्याकाठी जास्त-कमी यांचे प्रमाण ६०÷४० = १.५; डोंगरउतारावर ३०÷७० = ०.४३, पहिल्याला दुसऱ्याने भागले की ३.५.

इथे एक चूक नेहमी होते. ऑड्स रेशो ३.५ आला म्हणजे "धोका साडेतीन पट" असे सांगितले जाते. धोका दुप्पटच आहे, हे आपण वर पाहिले. आजार फार थोड्या जनावरांत असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. जंतांसारखी सर्रास आढळणारी बाधा असेल तर ऑड्स रेशो धोक्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून शेतकऱ्यांशी बोलताना टक्केवारीच सांगावी. "तिकडे दहातल्या सहा, इकडे दहातल्या तीन" हे कोणालाही कळते.

ऑड्स रेशो १ आला तर त्या घटकाने फरक पडत नाही, १ पेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो आणि कमी असेल तर घटतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

नमुने कमी असतील तर

हीच तपासणी २०० ऐवजी फक्त २० शेळ्यांवर केली असती आणि प्रमाण तेच निघाले असते (तळ्याकाठी १० पैकी ६, डोंगरउतारावर १० पैकी ३), तरी ऑड्स रेशो ३.५ च आला असता. मग दोन्ही निष्कर्ष सारखेच पक्के मानायचे का?

याचे उत्तर विश्वासमर्यादा देते. खरा आकडा कोणत्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे, हे ती सांगते. २०० शेळ्यांसाठी ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे १.९ ते ६.३ येते. दोन्ही टोके १ च्या वर आहेत, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी. २० शेळ्यांसाठी हीच मर्यादा सुमारे ०.५ ते २२ येते. खरा ऑड्स रेशो १ च्या बराच खाली असू शकतो किंवा २२ इतका मोठाही, असा याचा अर्थ. अशा आकड्यावर गावाला सल्ला देता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी कोणताही अहवाल वाचताना ऑड्स रेशोच्या शेजारी कंसात दिलेली ही मर्यादा आधी पाहावी. मर्यादेत १ हा आकडा येत असेल तर त्या घटकाबद्दल ठाम बोलू नये.

तळ्यामागे लपलेले वय

आपल्या उदाहरणात २०० शेळ्यांचा निष्कर्ष पक्का दिसतो. तळ्याकाठ धोक्याचा, चराई बंद करा, असे सांगून मोकळे व्हावेसे वाटते. पण नोंदवहीत वयाचा रकाना आहे. तळे गावालगत असल्यामुळे लहान करडे तिथेच सोडली जातात आणि डोंगरावर मोठ्या शेळ्या जातात, असे अनेक गावांत घडते. तोच तक्ता वयानुसार फोडून पाहू.

एक वर्षाखालील:
- तळ्याकाठ: ७० पैकी ४९ मध्ये जंतभार जास्त (७० टक्के)
- डोंगरउतार: २० पैकी १२ मध्ये जास्त (६० टक्के)

एक वर्षावरील:
- तळ्याकाठ: ३० पैकी ११ मध्ये जास्त (३७ टक्के)
- डोंगरउतार: ८० पैकी १८ मध्ये जास्त (२२.५ टक्के)

बेरीज करून पाहा, ४९ आणि ११ मिळून ६०. १२ आणि १८ मिळून ३०. शेळ्या त्याच, आकडे तेच. पण करडांची तुलना करडांशी आणि मोठ्यांची मोठ्यांशी केल्यावर तळ्याकाठ आणि डोंगर यांतला फरक बराच आटला. दोन्ही वयोगटांचा एकत्रित, वय जमेस धरलेला ऑड्स रेशो काढला तर तो ३.५ वरून सुमारे १.८ वर येतो आणि विश्वासमर्यादा सुमारे ०.९ ते ३.५ होते. म्हणजे १ हा आकडा आता मर्यादेच्या आत आला. तळ्याकाठी थोडा जास्त धोका असावा असे दिसते, पण ठामपणे सांगण्याइतका पुरावा उरला नाही.

वयाचे काय? एक वर्षाखालील ९० पैकी ६१ करडांत जंतभार जास्त, मोठ्या ११० पैकी २९ मध्ये. चराईची जागा जमेस धरूनही वयाचा ऑड्स रेशो सुमारे ४.५ राहतो. या उदाहरणात खरा भारी घटक वय आहे. तळ्याकाठी करडे जास्त होती, म्हणून तळे बदनाम झाले.

हा फरक कागदावरचा नाही. तळ्याकाठच्या सगळ्या १०० शेळ्या उद्यापासून डोंगरावर नेल्या, तर जंतभार जास्त असलेल्या शेळ्या किती कमी होतील? पहिला तक्ता पाहणारा म्हणेल, ६० च्या ३० होतील. दुसरा तक्ता पाहणारा हिशेब करील: ७० करडांत डोंगरावरच्या ६० टक्क्यांनी ४२ आणि ३० मोठ्यांत २२.५ टक्क्यांनी सुमारे ७, एकूण ४९. म्हणजे फार तर ११ कमी होतील, तेही तळ्याचा दोष खरा निघाला तर. एवढ्यासाठी चराई बंद करायला सांगणे आणि लोकांनी ते ऐकून हिरवा चारा गमावणे, हा तोट्याचा व्यवहार आहे.

मी कृषी पदवीधर, माझे बरेचसे काम पिकांच्या चाचणी-प्रयोगांतले. वाण किंवा खत तपासताना कोणत्या वाफ्यात काय लावायचे हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो. त्यामुळे चांगल्या जमिनीचा फायदा एकाच वाणाला मिळत नाही. शेळ्या मात्र चिठ्ठी टाकून तळ्याकाठी जात नाहीत. कोण कुठे चरतो हे वय, घर, पाण्याची सोय आणि राखणारे माणूस यांवर ठरते. म्हणून सर्वेक्षणाच्या आकड्यांत असे लपलेले घटक असणारच, असे धरूनच चालावे लागते.

आणखी तीन ठिकाणी फसगत होते

१. औषध पाजलेल्या शेळ्यांत जंत जास्त दिसतात. याचा अर्थ औषधाने जंत वाढले असा होत नाही. ज्या शेळ्या खंगलेल्या दिसल्या त्यांनाच औषध दिले गेले, असे असू शकते. शिवाय औषध लागू पडत नसण्याचीही शक्यता असते. दोन्हींतले खरे काय, ते औषधापूर्वी आणि नंतर नमुने तपासल्याशिवाय कळत नाही.

२. अंडी नाहीत म्हणजे जंत नाहीत असे नसते. नुकतेच पोटात शिरलेले कोवळे जंत अंडी घालत नाहीत, पण रक्त शोषू लागलेले असतात. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत हे हमखास घडते. लेंडी तपासणी शून्य आणि पापणी पांढरी, असे दिसले तर पापणीवर विश्वास ठेवून पशुवैद्यकांना दाखवावे.

३. सगळे जंत एक समजले जातात. तळ्याकाठ, भातखाचरे, पाणथळ जागा यांचा थेट संबंध यकृतातील चपट्या कृमींशी आहे, कारण त्यांची अळी पाण्यातल्या गोगलगायीत वाढते. गोल कृमींना गोगलगाय लागत नाही, ओले गवत पुरते. दोन्हींची बेरीज करून "जंत" असा एकच रकाना केला, तर कारण सापडत नाही. चपट्या कृमींची अंडी जड असल्याने मिठाच्या द्रावणात नीट तरंगत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळी, गाळ बसवून करावयाची तपासणी लागते. तळ्याकाठची चराई निर्दोष ठरवण्यापूर्वी ही तपासणी केलेली असावी.

वय, जागा, ऋतू, आहार असे अनेक घटक एकाच वेळी असतील तेव्हा तक्ते फोडत बसणे शक्य होत नाही. तिथे संशोधक संगणकावर लॉजिस्टिक रिग्रेशन करतात. काम तेच होते, बाकीचे घटक सारखे धरून एकेका घटकाचा भार काढणे. मात्र जो घटक वहीत नोंदवलाच नाही, त्याचा हिशेब कोणतेही यंत्र करू शकत नाही.

सरसकट औषधाचा धोका

थायाबेंडॅझोल हे शेळ्या-मेंढ्यांसाठीचे जंतनाशक १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद अमेरिकेत झाली. त्यानंतर आलेल्या औषधांच्या बाबतीतही अनेक देशांत हेच घडले. आज वापरात असलेली अल्बेंडॅझोल आणि फेनबेंडॅझोल ही त्याच कुळातली आहेत.

कारण सोपे आहे. सगळ्या कळपाला औषध पाजले की औषधाला बळी न पडणारे मूठभर जंतच मागे उरतात आणि पुढची सगळी पिढी त्यांची होते. काही शेळ्यांना औषध दिले नाही, तर त्यांच्या पोटातले साधे जंत अंडी घालत राहतात आणि माळावर हट्टी जंतांचे प्रमाण वाढू देत नाहीत. धडधाकट शेळ्यांना औषध न देणे हा म्हणूनच निष्काळजीपणा नाही, औषध टिकवण्याचा उपाय आहे. कडक उन्हाळ्यात माळावर अळ्या जवळजवळ नसताना सगळ्या कळपाला औषध पाजणेही याच कारणाने जोखमीचे ठरते.

मग करायचे काय?

पापणी पाहून औषध: दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फामाचा पद्धतीत खालच्या पापणीच्या आतील रंग एका रंगतक्त्याशी ताडून १ ते ५ गुण देतात. १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढरीफट्ट. ४ आणि ५ गुणांच्या शेळ्यांना औषध द्यावे. ३ गुण असलेले करडू, गाभण किंवा नुकतीच व्यालेली शेळी असेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावे. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापण्या पाहाव्यात, त्या काळात करडांच्या आठवड्याला पाहिल्या तर अधिक चांगले. ही पद्धत रक्त शोषणाऱ्या जंतांपुरती आहे. गोचीड, उवा, चपटे कृमी, गोचीडतापासारखे रक्तातील परजीवी आणि कुपोषण यांनीही पापणी पांढरी पडते, हे विसरू नये.

औषधाची मात्रा: अंदाजे वजन धरून कमी मात्रा देणे ही जंतांना औषधाची सवय लावण्याची खात्रीची वाट आहे. वजनकाट्यावर किंवा छातीचा घेर मोजून वजन काढावे. शेळीच्या शरीरातून अनेक औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला पुरेलच असे नाही. मात्रा पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्यावी. गाभण काळाच्या सुरुवातीला अल्बेंडॅझोल देऊ नये, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. दुभत्या शेळीला औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरू नये हेही विचारून घ्यावे.

औषध लागू पडते का: १०-१५ शेळ्यांचे नमुने औषधाच्या दिवशी आणि पुन्हा १० ते १४ दिवसांनी तपासावेत. आधी सरासरी १,००० अंडी आणि नंतर २०० असतील तर घट ८० टक्के झाली. घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्या कळपात औषधाचा प्रभाव ओसरत असल्याची शंका घ्यावी. मात्र मात्रा कमी पडली नव्हती ना, याची आधी खात्री करावी. औषध बदलायचे तर नुसते नाव न बदलता वेगळ्या कुळातले औषध पशुवैद्यकांना विचारून निवडावे.

चराई:
- पावसाळ्यात करडांना सगळ्यात कमी चरलेली, कोरडी जागा द्यावी. मोठ्या शेळ्यांनी चरून काढलेल्या जागी करडे सोडू नयेत.
- दव उतरल्यावर शेळ्या बाहेर काढाव्यात.
- गवत बोट-दोन बोटे उरेपर्यंत चारू नये.
- शेळी मुळात झुडपांचा पाला ओरबाडणारी आहे. बोर, बाभूळ, सुबाभूळ यांचा पाला वरच्या उंचीवर मिळाला तर अळ्या कमी पोटात जातात.
- शेळ्यांचा हिमोंकस मोठ्या गाईगुरांत सहसा नीट वाढत नाही. म्हणून एकाच जागेत आलटून पालटून मोठी गुरे चारल्यास अळ्यांचा भार कमी होण्यास मदत होते.
- वेताच्या आधी व नंतर शेळीला पेंड किंवा शेंगवर्गीय चाऱ्यातून पुरेशी प्रथिने द्यावीत.

नोंदवही हेच खरे औषध

वरचे सगळे गणित एका शंभर पानी वहीवर उभे आहे. प्रत्येक शेळीला एक ओळ आणि त्या ओळीत बिल्ला, वय, वेत, चराईची जागा, पापणीचे गुण, औषध, तारीख. ज्यांच्याकडे पाच शेळ्या आहेत त्यांना ऑड्स रेशो काढण्याची गरज नाही. पण दोन पावसाळ्यांच्या नोंदी चाळल्या तर पापणी वारंवार पांढरी पडणारी शेळी कोणती, हे आपोआप दिसते. तिची करडे पैदाशीसाठी ठेवायची की नाही, हा निर्णयही त्याच पानावर सापडतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील दहा-वीस पशुपालकांच्या अशा वह्या एकत्र केल्या तर एक चांगले सर्वेक्षण तयार होते. त्यात आधी वय वेगळे करावे, मग जागा पाहावी, मग औषध. पुढच्या मृगात "सगळ्यांना पाजा" किंवा "तळ्याकाठी जाऊ नका" असे सांगण्याआधी ही वही उघडावी. कदाचित सल्ला तोच निघेल. पण तो मोजून दिलेला असेल आणि ज्याच्या दारात चारच शेळ्या आहेत त्याला त्याची विनाकारण किंमत मोजावी लागणार नाही.